आधी पाणी

वेंगुर्ल्याच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो मी,
डिझेल नखांतून जात नाही.
म्हणून टाकीत हात घालण्याआधी
कोपरापर्यंत चिंचेनं घासतो,
मग नुसत्या पाण्यानं, तीनदा.
साबण त्यांना सोसत नाही.

पास्कू गडग्यापलीकडून ओरडतो,
"काय रे, समुद्र कमी पडलो काय तुका?"
त्याला काय सांगू.
समुद्राकडे मी कधी नीट बघितलंच नाही,
त्यात नेहमी कुणाचं तरी इंजिन बंद पडलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात अकरा मेले.
विहिरीचं पाणी काचेसारखं, तरी मेले.
कुडाळच्या दुकानात मुजावर म्हणाला,
"आधी पाणी पाळ. मासे नंतर."
मग महिनाभर रिकामी टाकी पाळली.
दिवा लावायचा, पंप चालवायचा,
चिमूटभर खाद्य टाकायचं, कुणालाच नाही.
"आता पाण्याक जेवण घालतंस?" जयवंती म्हणाली.
घालत होतो.
पाणी गढुळलं, मग आंबूस झालं,
मग एके दिवशी त्याला कसलाच वास येईना
आणि काचेवर हिरवी लव दिसली,
तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी.

एसटीत पिशवी मांडीवर, पिशवीत सात एंजल.
कंडक्टर म्हणाला, "ह्यांची तिकिटां?"
मठाच्या वळणापासून घरापर्यंत
प्रत्येक खड्ड्याला मी गुडघे सैल सोडले.
अशा तीन खेपा. सतरा झाले.

हाव सुटली. परसात चिऱ्याचा हौद बांधला, आठ बाय पाच.
सिमेंटचा उग्रपणा जावा म्हणून
केळीचा खुंट चिरून टाकला, कुजवला, उपसला,
पुन्हा टाकला.
मलेरियाच्या ताईंनी डबाभर गप्पी दिले, फुकट.
लाल-पांढरे कोई मात्र माझ्या मजुरीतले,
जयवंतीला किंमत निम्मी सांगून.

खंड्याला पहिल्याच सकाळी खरी किंमत कळली.
पोफळीवर बसायचा, नवरदेवासारखा नटून,
एकदा खाली, एकदा वर, गिळला.
तीन दिवसांत चार.
तेव्हा माळ्यावरून बाबांचं पागाचं जाळं काढलं
आणि हौदावर ताणलं.
शिशाच्या गोळ्या कडांना लोंबत राहिल्या.
ज्या जाळ्यानं पाच भावंडांची फी भरली
ते आता कुणाला मासा पकडू देत नव्हतं.
बाबा हसले असते, किंवा नसते हसले.
गाठी तपासल्या असत्या, एवढं नक्की.
दोन सुटल्या होत्या. मी बांधल्या. वाईट बांधल्या.

एप्रिलात ट्रान्स्फॉर्मर जळला.
रात्रीचे साडेदहा. पंप गप्प.
टाकीतले सगळे वर,
तोंडं पाण्याच्या सायीला लावून.
मी तांब्या घेतला. बुडवायचा, उंचावरून ओतायचा,
बुडवायचा, ओतायचा.
दोनला मनगट धरलं.
जयवंती उठली. चारला तिला लिलावाला जायचं असतं,
मग दिवसभर कोयती, खवलं, बर्फ,
आणि "ताजां आसा गो, डोळे बघ."
तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला.
बोलली काहीच नाही.
धार बारीक, सरळ, काचेच्या कडेनं.
मी रात्रभर धबाधबा ओतत होतो
ते तेव्हा कळलं.

चारला ती टोपली घेऊन गेली.
वीज आली सव्वासहाला.

दुपारी परतली. हात धुतले, नुसत्या पाण्यानं,
तीनदा.
चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं,
तिरफळाचा वास टाकीपर्यंत.
ती वाकली. "सोळा."
"सतरा आसत. एक त्या दगडाआड."
बघत राहिली. आमटी उतू जाईल म्हणून मीच उठलो.
"अरे," तिनं मागून हाक मारली,
"ही गाबोळीची आसा."
आणि बोटानं दाखवलं,
काचेला न टेकवता.